माझ्या नावावरचं बाळ

मला मुलगी झाली, हे मला मोबाईलवरून कळलं. कांदा चिरत होते. 'अभिनंदन, आपल्या मुलीच्या जन्माची नोंद झाली आहे.' लग्नाला चौदा वर्षं झाली, पुण्याच्या दवाखान्यात सुया टोचून दंड काळेनिळे झाले, आणि पाळणा हलला तो असा! आधी हसले, मग फडक्यात तोंड खुपसून रडले.

माझा नवरा कुमार दुधाचा टेम्पो चालवतो. टेम्पो घेऊन तो थेट त्या दवाखान्यात गेला. तिथं कळलं की त्यांच्या कॉम्प्युटरमधून पेशंटांची माहिती चोरीला गेली होती. माझं आधार, जन्मतारीख, सगळं कुणीतरी विकलं होतं आणि त्यावर कुणी बाई बाळंत झाली होती. दवाखान्याचा वकील गोड बोलला. "भरपाई देऊ, पण कागद वापरणारी बाई आधी सापडू दे. तिच्यावर तक्रार झाली की तुमची फाईल पुढे."

भरपाई मला हवी होती, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी एकदाच प्रयत्न करता येईल, तोही याच वर्षात. आमच्याजवळचं सगळं संपलं होतं. ती भरपाई म्हणजेच तो शेवटचा प्रयत्न होता.

सासूबाईंचं मात्र भलतंच. धोंडाबाई त्यांचं नाव. मेसेज ऐकून त्यांनी बोटं मोजली. "उद्या पाचवा दिस. पाचवी कोण पुजंल तिची?"

"आत्या, ते बाळ आपलं न्हाई."

"नाव तर तुझंच हाय न्हवं? सटवाई नाव बगूनच यायची."

त्यांनी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी भडकले, नाही नाही ते बोलले. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी तो कागद बघितला तो मीच. कोराच होता. पण बघितला याचीच मला लाज वाटली.

त्यानंतर घरातलं वागणंच बदललं. दुपारी सासूबाई हळू बोलायला लागल्या. कुमार दार न वाजवता लावायला लागला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सहाव्या आठवड्यात लसीचा मेसेज आला, तेव्हा आता ती हसायला लागली असेल, असं माझ्या मनात आलं. गावाला लागून असलेल्या धरणाच्या पाण्याकडून भर दुपारी रडणं ऐकू यायचं. करडू असेल म्हणायचे, पण त्या बाजूला शेळ्या कुणाकडेच नव्हत्या. मला भीती वाटायची. ज्या दिवशी ऐकू यायचं नाही त्या दिवशी जास्त वाटायची.

चौदा आठवडे झाले आणि मेसेज आला, 'लस राहिली आहे.' मग पुन्हा तोच. शेवटी आशाताई मंगल यादी घेऊन दारात उभी राहिली. तिला सगळं सांगितलं.

"आधीचे डोस येल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात झाल्यात," ती यादी बघत म्हणाली. "तिथं बुधवारी लसी देत्यात. पण तिला कळायचं कसं वो? निरोप समदे तुमाला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाळ तिच्याकडे आणि निरोप माझ्याकडे.

तीन बुधवार मी नसरापूरला एसटी बदलून, मार्गासनीवरून वेल्ह्याला गेले. बाकावर बसून बायका बघायचे. तिसऱ्या बुधवारी नर्सनं पुकारलं, "नूतन कुमार खुटवड!"

मी अर्धी उठलेसुद्धा. पण पुढच्या बाकावरची एक पोरगी आधीच उभी होती. सोळा-सतरा वर्षांची असेल, मनगटं काडीसारखी. खरं वय सांगितलं असतं तर दवाखान्यात पोलीस आले असते. खांद्यावर बाळ. टोपड्यातून त्याचा कान बाहेर आला होता. वकिलाचा नंबर मी काढून ठेवला होता.

"वय पस्तीस? तुझं?" नर्सनं तिला खालीवर बघितलं. "जन्मतारीख सांग."

पोरीनं माझी जन्मतारीख पाढ्यासारखी म्हणून दाखवली.

"नवऱ्याचं नाव?"

"कुमार."

"गाव?"

पोरगी अडकली. नर्सनं पेन खाली ठेवलं. "सोताचं गाव म्हाईत न्हाई? थांब, सायबांना बोलावते."

पोरीनं बाळ छातीशी असं आवळलं की ते रडायला लागलं. मला काही करावंच लागणार नव्हतं. नुसती गप्प बसले असते तरी ती पकडली गेली असती.

"भाटघर," मी म्हणाले. "घाबरलीय ती. साल कागदावर चुकीचं पडलंय. आमच्याच गावची सून हाय."

पोरगी वळली. मी कोण हे तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला.

"आन् तुमी कोण?" नर्सनं विचारलं.

माझं नाव तर तिनं आधीच पुकारलं होतं. "चुलत सासू," मी म्हणाले.

"मग बगत काय उभ्या ऱ्हायलाय? पाय धरा बाळाचे, हललं तर सुई लागंल."

भरपाई गेली, शेवटचा प्रयत्नही गेला, हे वाकताना मला पक्कं कळत होतं. मी पाय धरले. दोन्ही पाय माझ्या एका मुठीत मावले.