दारापुढची जागा

"आबा, बैल सोडू नका. गाडी आठेन काढनी पडी."

झुलाल जू उतरवता उतरवता थांबला. म्युनिसिपालटीचा शिपाई सुकदेव समोर उभा होता. तो याच गल्लीतला, लहानपणी झुलालच्याच गाडीवर चढून खेळलेला. त्यामुळे बोलताना त्याची नजर बैलांकडे होती, झुलालकडे नव्हती.

"काबर रे?"

"हुकूम शे. गल्लीना टोकले पेट्रोलना साठा करेल शे. मिलिटरीन्या लाऱ्या आग्रा रोडवरून आठेच वळतीन. लढाई संपेपर्यंत गल्लीमा एक भी बैलगाडी उभी ऱ्हावाव नही. बठ्ठ्या गाड्या नदीपल्याड, मैदानवर."

"घर मन्हं, दार मन्हं," झुलाल म्हणाला. "दारसमोर नही ते गाडी कोठे उभी करू?"

झुलालची बायको भिकुबाई ओट्यावर बसून धापा टाकत ऐकत होती. तिला जुना दमा होता. ती एवढंच म्हणाली, "जा, गाडी ठी या. नही ते ह्या पोऱ्यानी नोकरी जाई."

धुळ्यातल्या त्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं गाडीवानांची. जिनिंगमधला कापूस, बाजारातलं धान्य, स्टेशनावरचा माल, सगळं त्यांच्या गाड्यांवर. झुलालची गाडी चाळीस वर्षं त्याच्या दारापुढे उभी राहत आलेली. जेवण झालं की तो गाडीवरच आडवा व्हायचा, आणि भिकुबाई उंबऱ्याच्या आत अंथरूण टाकायची. मग दोघांचं बोलणं चालायचं. शिरपूरला दिलेल्या मुलीचं, बैलाच्या खुराचं, कुणाच्या लग्नातल्या मानपानाचं. दिवसभर दोघांना बोलायला सवड नसे. त्यांचा संसार म्हणजे बहुतेक ते बोलणंच होतं. एकाला झोप लागली की दुसरं गप्प होई.

आता झुलाल मैदानावर निजू लागला. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी दोन गाड्यांचे दोर पळवले. गाडीवानांनी पाळीपाळीनं राखण करून पाहिली, पण दिवसभर ओझी वाहिलेला माणूस जागणार किती? शेजारच्या मगनचा बैल गेला तो गेलाच. तेव्हापासून ज्याची गाडी त्यानं राखायची असं ठरलं. भिकुबाईही दोन दिवस नवऱ्याबरोबर मैदानावर राहून आली. पांझरा नदीवरच्या गार वाऱ्यानं तिची छाती इतकी भरली की झुलालनंच तिला घरी आणून सोडलं. तो सकाळी भाकरीपुरता घरी येई. ती समोर बसे. पण बैल कामावर न्यायचे असत, आणि बोलायचं म्हटलं की दोघांनाही काही आठवत नसे.

एकदा तो मगनला घेऊन म्युनिसिपालटीत गेला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं.

"आजोबा, घर तुमचं, पण रस्ता म्युनिसिपालटीचा."

"साहेब, रूपचंद शेठनी मोटार ते उभी ऱ्हास तठे."

"मोटार हाक मारली की हलते. तुमचे बैल हलतात का?" साहेब जरा हसला. मग त्यालाच बरं वाटलं नसावं. "तात्पुरतं आहे हो. लढाई संपू द्या."

लढाई संपली. शाळेतल्या पोरांना पेढे मिळाले. पेट्रोलचे पिंप गेले, लाऱ्या यायच्या थांबल्या. गल्लीच्या तोंडावरची पाटी तेवढी राहिली. झुलाल पुन्हा गेला, तर खुर्चीत दुसराच साहेब होता. त्यानं सांगितलं, मनाई उठवायची तर सभेत ठराव व्हायला हवा. सभा दिवाळीनंतर. दिवाळीनंतर गेला, तर तो विषय मागे पडला होता. पुढच्या सभेला या. झुलाल बरं म्हणाला आणि बैलांकडे गेला. आताशा त्याला रागही येत नसे. राग आला तर तो ठेवायचा कुठं, असं त्याला वाटे.

पौषात थंडी कडक पडली. त्या दिवशी जिनिंगमध्ये लवकर बोलावलं होतं, म्हणून झुलाल घरी न येता मैदानावरून परस्पर कामावर गेला. दुपारी गल्लीत शिरला तेव्हा त्याच्या ओट्यावर बायका बसलेल्या होत्या. त्याला पाहून त्या उठल्या, आणि तो काय ते समजला.

"दिन उगताना गई," शेजारची प्रमिलाबाई म्हणाली. "सुकदेव मैदानवर पळत गयथा, पन तुम्ही निंघी गयथात."

झुलाल भिंतीला टेकून बसला. मग त्यानं विचारलं, "काही बोलनी का?"

प्रमिलाबाईनं पदरानं डोळे पुसले. "गाडी उनी का, दारसमोर उभी शे का, इतलंच इचारे. मी उनी म्हनी सांगं."

"बरं करं," झुलाल म्हणाला.

भिकुबाईचे दिवस झाले, लेक शिरपूरला परत गेली. त्यानंतरच्या सोमवारी झुलाल म्युनिसिपालटीच्या पायरीवर जाऊन बसला. मंगळवारीही बसला. बुधवारी साहेबानं आत बोलावलं. सुकदेवनं त्याच्या कानावर सगळं घातलं होतं.

"आजोबा, तुमच्या घरी असं झाल्याचं कळलं. वाईट झालं. पण आता तुम्हांला काय हवं?"

"माले काहीच नको, साहेब," झुलाल म्हणाला. "मगनना घरमा म्हतारी माय शे. तिले दखात नही. तो नि त्याना भाऊ मैदानवर निजतस, ते रातले तिले पानी कोन देई?"

साहेबानं मगनचं नाव कागदावर लिहून घेतलं. या खेपेला त्यानं पुढच्या सभेला या असं म्हटलं नाही.

होळीच्या आधी ठराव झाला. ज्याचं घर त्यानं दारापुढे एक गाडी उभी करावी. सुकदेवनं स्वतः शिडी लावून पाटी उतरवली. संध्याकाळी गाड्या आल्या. बायकांनी चाकांवर पाणी घातलं, बैलांना कुंकू लावलं. सगळी गल्ली घुंगरांनी भरून गेली. मगनच्या आईनं चाचपडत बाहेर येऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवला.

झुलालच्या दारापुढची जागा मोकळी होती.

"आबा, आते तुमनी गाडी लई या," मगन म्हणाला.

"तुन्हा भाऊनी गाडी कोठे शे?"

"ती मैदानवर. एका घरले एकच गाडी म्हनतस."

"मंग ती मन्हा दारसमोर लाव."

"आनि तुम्ही?"

"माले तठे झोप येस आते."

मगन काही बोलायला गेला, पण झुलाल वळला होता. नदी ओलांडून तो मैदानावर आला. तिथं चाकांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या, शेण पडलं होतं, आणि एवढ्या मोठ्या जागेत आता दोनच गाड्या उभ्या होत्या. थोड्या वेळानं मगनचा भाऊ येऊन आपली गाडी घेऊन गेला. झुलालनं बैलांपुढे कडबा टाकला, घोंगडी झटकली आणि गाडीवर अंथरली. आडवा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मगननी माय आज बाहेर उनथी." मग भिकुबाईला झोप लागली असावी तसा तो गप्प झाला आणि एका कुशीवर वळला.