गोळ्यांची हजेरी

सिद्धप्पाला या उद्योगात काय सुटणार होतं, ते आधीच सांगून टाकू. आठशेच्या वर ऑर्डर गेली की वीस टक्के सूट, घरपोच आणायचा खर्च माफ, आणि उन्हातनं मेडिकलपर्यंतची पायपीट वाचली. पण हे सगळं वरकड. खरी कमाई ओट्यावरच्या खुर्चीची. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात त्यानं बत्तीस वर्षं टाइमकीपरी केली. फाटकातनं आत येणारा प्रत्येक जण त्याच्याकडं बघून हसायचा, कारण उशिराचं लाल पेन त्याच्या हातात असायचं. रिटायर झाल्यावर मात्र त्याला कुणी किती वाजले म्हणूनसुद्धा विचारीना. आता दर शनिवारी लोक विचारत होते, "अण्णा, पुडी बांधली का?" तेवढ्या एका प्रश्नासाठी तो सूट नसती तरी ऑर्डर देत राहिला असता.

सुरुवात त्याच्याच बीपीनं झाली. वरचा आकडा एकशे सत्तर, खालचा शंभर, आणि नाडी पळत सुटलेली. डॉक्टरांनी नाडीला लगाम घालणारी गोळी लिहून दिली. पुण्याच्या लेकीनं, उत्कर्षानं, फोनवर अॅप घालून दिलं. चिठ्ठीचा फोटो एकदा चढवायचा, दर महिन्याला तेच प्रश्न आले की उत्तरं द्यायची, गोळ्या दारात. चक्कर येते का? नाही. पाय सुजतात का? नाही. दम्याचा त्रास? नाही. बटण दाबलं की झालं.

अडचण एवढीच, की त्याच्या एकट्याच्या गोळ्या व्हायच्या तीनशे चाळीसच्या. मग त्यानं तीन महिन्यांचा माल एकदम मागवायला सुरुवात केली, आणि समोरचा रामहरी व भिंतीला भिंत लागून राहणारी बिबीजान या दोघा बीपीवाल्यांना आपल्याच चिठ्ठीवर घेतलं. तीन महिन्यांच्या गोळ्या एका महिन्यात कशा संपतात, असं अॅपनं कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक मोठं झालेलं कुणाला नको असतं?

यात काही वावगं आहे, असं सिद्धप्पाच्या मनातही आलं नाही. कारखान्यात त्यानं हेच तर केलं होतं. कुणाची बस चुकली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, की पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर तो पोटात घालायचा. माणूस यायच्या आत हजेरी लागलेली. बिबीजानही त्याच कारखान्यात होती, तिची तर कितीदा लावली असेल. तिच्या छातीत सुताची धूळ बसली होती. थंडीत ती जिन्यावर अर्ध्यात थांबायची, शीळ घातल्यासारखा श्वास ओढत. आणि ती वर पोचेपर्यंत इकडं तिच्या नावापुढं खूण झालेली असायची. एकाच्या जागी दुसऱ्यानं 'हजर' म्हणायचं, त्यात पाप कसलं?

फुकट तपासणीच्या शिबिरात बिबीजानचं बीपी एकशे साठ निघालं, तेव्हा तोच म्हणाला, "सरकारी दवाखान्यात जाशील तर अख्खा दिवस मोडंल. किती टॉवेल बुडतील?"

"साठ-सत्तर तरी, अण्णा." ती आता घरीच टॉवेलच्या कडा शिवायची. "पन मला दमा हाय की. चालंल न्हवं ही गोळी?"

"दमा छातीत, बीपी रक्तात. दोघांची गाठ पडतीया कुटं? आन् तुजा पंप हाय की दम्याला."

"अण्णा, दारावर पाटीच लावा की," रामहरी ओट्याखालून म्हणाला. "डॉक्टर सिद्धप्पा, टॉवेल कारखाना."

सिद्धप्पानं रागावल्यासारखं केलं, पण त्या दिवशी त्याला जेवण जरा जास्तच गेलं.

पुड्या बांधायची त्याची रीत ठरलेली. गोळ्या पाकिटातनं सोडवायच्या, सात-सात मोजायच्या आणि जुन्या हजेरीपत्रकाच्या कागदात गुंडाळायच्या. पाकीट कुणाच्या हाती द्यायचं नाही. गोळीचं नाव कळलं की लोक स्वतःच मेडिकलमधनं आणणार, मग शनिवारी ओट्यावर येणार कोण?

"अवं, पाकिटासकट द्या की," बायको दाक्षायणी म्हणाली. "कवा काय लागंल, सांगता येतंय व्हय?"

"तू भाकरी बघ. करपायलीया."

तीन आठवड्यांनी त्यानं बिबीजानच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. एकशे अठ्ठावीस! गल्लीत त्यानं तो आकडा दहा जणांना सांगितला, जणू स्वतःच्याच गुणपत्रिकेवरचा. बिबीजान हसली, मग खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत भिंतीला धरून उभी राहिली.

भिंतीपलीकडं तिचं मशीन चालायचं. टाइमकीपरचा कान असा, की ऐकायचं नाही म्हटलं तरी मोजतो. आधी तासाला दहा टॉवेल पडायचे. मग आठ. मग मशीन मध्येच थांबायला लागलं. आधी पाण्याच्या घोटापुरतं, मग दोन मिनिटं, मग चार. त्या थांबण्यात ती जुनी जिन्यावरची शीळ ऐकू यायची. सिद्धप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"ऐकू येतंय न्हवं?" दाक्षायणी विचारायची.

"हवा बदललीया. धूळ हाय लई."

गुरुवारी अॅपच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तीन महिन्यांतनं एकदा यायचा, दोन मिनिटांचा. त्या नेहमीचे प्रश्न वाचत गेल्या. "दम्याचा त्रास?"

"न्हाय, न्हाय. मॅडम, हे दर टायमाला कशाला विचारता वो?"

"विचारावंच लागतं, काका. दमा असलेल्याला ही गोळी बाधू शकते. श्वासनळ्या आवळतात. कधीकधी पंपसुद्धा लागू पडत नाही."

फोन स्पीकरवर होता. दाक्षायणीच्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं.

"जावा आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली. "सांगून या तिला."

सिद्धप्पा गेला. वाटेत, म्हणजे दहा पावलांत, त्यानं पुष्कळ विचार केला. काय सांगायचं? चुकलं म्हणून? मग रामहरी पाटीची गोष्ट गल्लीभर करणार. त्यापेक्षा शनिवारी पुडीच बांधायची नाही, माल संपला म्हणायचं. पुडीत आता दोनच गोळ्या उरल्या असतील. दोन गोळ्यांनी काय होतंय?

बिबीजान मशीनवर डोकं टेकून बसली होती. "अण्णा, बरं झालं आलात. पंपात काय दम न्हाय बगा. चारदा मारला तरी छाती उगडंना. तुमच्या त्या मोबाइलवरनं नवा मागवता का?"

तोंडाशी आलेलं सगळं त्यानं गिळलं. "मागवतो की. त्यात काय."

घरी येऊन त्यानं महिन्याच्या ऑर्डरीत पंप टाकला. बेरीज बरोबर बाराशे झाली. दोनशे चाळीस सुटले. पंप शनिवारी येणार होता. दाक्षायणीनं विचारलं, सांगितलं का. तो म्हणाला, "सांगितलं."

शनिवारी सकाळी भिंतीपलीकडं मशीन लागलंच नाही. साडेआठला बिबीजानचा मुलगा गुफरान आईला आपल्याच रिक्षात घालून दवाखान्याकडं सुटला. नऊ वाजून चार मिनिटांनी सिद्धप्पाचा फोन वाजला.

"काका, अम्मी तुमच्याकडनं कसल्या गोळ्या घेत होती? डॉक्टर सारखे विचारतायत. पुडीत नुसती एक पांढरी गोळी हाय, आणि कागदावर कारखान्यातल्या माणसांची नावं. लवकर सांगा, काका, औषध लागू पडंना!"

पाकीट समोरच्या फळीवर होतं. सिद्धप्पा म्हणाला, "बघून सांगतो," आणि फोन ठेवला.

त्यानं पाकीट हातात घेतलं. चिठ्ठी त्याच्या नावाची. ऑर्डर त्याच्या नावाची. पोलीस विचारतील तर? उत्कर्षाला काय वाटेल? नुसतं 'बीपीची साधी गोळी' म्हणून सांगितलं तर? फोन पुन्हा वाजला. त्यानं वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दाक्षायणी नळावरनं घागर घेऊन आत आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या हातातल्या पाकिटाकडं बघितलं, आणि घागर तिथंच उंबऱ्यात टाकून फोन उचलला. सातवी शिकलेली बाई. एकेक इंग्रजी अक्षर लावत तिनं नाव सांगितलं, आणि दमा असताना नवऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या तिला दिल्याचंही सांगितलं.

सिद्धप्पानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. नऊ पंधरा.

डॉक्टरांनी मग दुसरं इंजेक्शन दिलं म्हणे. नाव आधी कळतं तर, असं काहीतरी एक नर्स गुफरानला म्हणाली. साडेदहाला बिबीजान गेली.

दुपारी बाराशेची ऑर्डर दारात आली. डिलिव्हरीवाल्यानं ओटीपी विचारला, सिद्धप्पानं सांगितला. खोक्यात गोळ्यांवर नवा पंप होता. रामहरीनं आपली पुडी न उघडता ओट्यावर आणून ठेवली आणि गेला. खुर्चीवर दुपारभर कुणी बसलं नाही.

एकूण झालं ते असं. अॅपचं गिऱ्हाईक टिकलं. सिद्धप्पाला दोनशे चाळीस सुटले. दाक्षायणी त्याला जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. बाकी सगळं भरलं ते बिबीजाननं: अकरा मिनिटांचा उशीर, तोही दुसऱ्याचा, आणि पंधराच्या आतला.