चार पदर, आठ पदर

"मिलीमीटरमध्ये सांगा ना काका," सरकारी योजनेच्या तपासणीला आलेल्या अर्चना मॅडम म्हणाल्या आणि पेन फॉर्मवर टेकवून थांबल्या.

नामदेव गोंधळला. केळीच्या खोडातून धागा काढायचं त्याचं यंत्र दापोऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुकाट उभं होतं. पाती आणि फळी यांच्यात फट किती ठेवता, एवढंच त्यांनी विचारलं होतं. जास्त ठेवली तर धाग्याला गर चिकटून राहतो, कमी ठेवली तर धागा तुटतो. इतरांची यंत्रं तिथेच मार खात होती.

"मोजली नाही कधी," तो म्हणाला. "साल चिमटीत धरली का समजतं मले."

ही चिमूट कागदाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं घासून तयार झालेली. कागद जाड की पातळ, हे तो नुसत्या बोटांनी सांगायचा. साहेबलोक आधी हसायचे, मग मोजून गप्प व्हायचे. निवृत्त झाल्यावर सात वर्षं तो या यंत्राच्या मागे लागला होता. आता अशी दहा यंत्रं बनवून विकायची, तर निम्मा खर्च त्याचा आणि निम्मा सरकारचा, अशी योजना होती. त्याचा वाटा बायकोनं, सिंधूनं, बँकेत हात न लावता ठेवला होता. पण आज तपासणीत यंत्र नापास झालं तर फाइल बंद.

"पण विकत घेणाऱ्याकडे तुमची चिमूट कुठून येणार?" मॅडमनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या. तुम्ही बाहेर थांबा."

शेजारच्या बागेत घड उतरवणाऱ्या भागाबाईला बोलावलं. ती आली खरी, पण बिचकत. "मले नाही जमायचं, भाऊ. काही खराब झालं तं?"

नामदेवनं जुनं वर्तमानपत्र उचलून घड्या घातल्या. "हे पाहा. बाहेरची जाड साल असली तं आठ पदर. फटीत घालायचा, कागद अडकत अडकत सरकला पाहिजे, बस. आतली पातळ असली तं चार."

हे त्यालाही आत्ताच सुचलं होतं. बोटांना जे कळत होतं ते पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं, आणि ते एवढंसंच निघालं याचं त्याला वाईट वाटलं.

तो बाहेर आला. यंत्र सुरू झालं आणि कर्कश खरखरलं. फट कमी पडली होती. त्याचं पाऊल आपसूक आत वळलं, तशी दारातल्या सिंधूनं वाट अडवली.

"राहू द्या. तिले करू द्या ना."

यंत्र बंद झालं. आतून वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी आवाज एकसारखा होता.

"एक बी धागा नाही तुटला, मॅडम," आतून भागाबाई म्हणाली. तिचा स्वर एकदम मोकळा झाला होता. "दुसरी घालू का?"

दुसरी साल गेली. तिसरी गेली. सिंधूही बघायला आत गेली. नामदेवला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. पण सात वर्षांत त्यानं आपलं यंत्र असं बाहेर उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं.

"काका, या ना, सही करायची आहे," मॅडमनी हाक मारली.

"आलो," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.