पाठमोरं घर

"बाबा, आपल्या घराने रस्त्याकडे पाठ का केलीय?"

हे घरात विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी शकूशी लावली होती. अंधेरीच्या तिच्या शाळेत नववीला 'आपल्या वस्तीचा इतिहास' लिहायला दिला होता, आणि वर्सोव्यातल्या तिच्या कौलारू घराइतकं चमत्कारिक घर वर्गात कुणाचंच नव्हतं. जायचं-यायचं ते मोरीशेजारच्या दारातून. खरं मोठं दार मागे, खाडीकडच्या मैदानावर उघडणारं, आणि त्याला आतून लोखंडी कपाट टेकवलेलं.

बाबांनी पेपर खाली केला नाही. "मासळीचा वास येतो, म्हणून बंद ठेवलंय."

"बंद का, ते नाही विचारलं. मुळात तिकडे तोंड करून बांधलंच का?"

"अभ्यास कर."

आईने टीव्हीचा आवाज वाढवला. शकूच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी ती वर्गातल्या माणिकला घेऊन, घराला वळसा घालून मागच्या ओटीवर गेली. वरच्या तुळईला ओळीने लोखंडी कड्या होत्या. आजीच्या झोपाळ्याच्या, असं आई सांगायची.

"झोपाळ्याला एवढ्या कड्या?" माणिक म्हणाली. "तुझी आजी काय हत्तीण होती?"

समोरच्या मैदानावर सोनूबाई कोळीण बांबूंना बांधलेल्या दोरीवर बोंबील सुकत घालत होती. वास येतो, हे मैदान मासळी सुकवायला बंद करा, असा अर्ज नव्या बिल्डिंगवाल्यांनी केला होता. त्यावर पहिली सही बाबांची.

"सोनूमावशी, आमच्या त्या कड्यांना काय बांधायचे?"

"तुज्या बापूसला इचार."

"ते सांगत नाहीत."

"मंग मी कशाला सांगू? सही करताना त्याने मला इचारलं काय?" पुढचे चार बोंबील टाकून झाल्यावर ती स्वतःच बोलली. "जाळी टांगायची गो तुजी आजी, सांधायला. तितं दारात बसून मासळी राखायची, कावळ्यांना शिव्या घालायची. हे बांबू पन तिचेच."

म्हणजे बाबा सांगायचे ते अलिबागकडचं गाव, तिथली वाडी, नोकरीसाठी मुंबईला आलेले आजोबा, सगळी थाप. शकूला आधी राग आला, मग त्या शिव्या घालणाऱ्या आजीचा भलताच अभिमान वाटला.

"आपण कोळी आहोत," रात्री जेवताना ती म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल गं. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत ना. उद्या वर्गात वाचणारच आहे मी. बाबा, तुम्ही सही मागे घ्या. नाही घेतलीत, तर पहिली सही आजीच्या मुलाची आहे, हेही वाचेन. आणि रविवारी ते कपाट हलवणार. माणिक येतेय मदतीला."