आत्मारामची बाटली आणि आनंदीची पिशवी

घिवलीतल्या लोकांनी दीड महिन्यात आत्मारामला पार म्हातारा करून टाकला होता. त्याला पुन्हा माणसांत आणला तो त्याच्या बायकोने, एकट्या आनंदीने. आणि तेही कसं, तर एका कापडी पिशवीच्या जोरावर! बाई चौथी शिकलेली. पण तिला अडाणी म्हणायची छाती आता गावात कुणाची होत नाही.

आत्माराम अडुसष्टचा, पण गडी कसला! खाऱ्या वाऱ्याला तोंड देत त्याने चिकूची आणि माडांची वाडी उभी केली होती. कुठल्या माडाला यंदा नारळांच्या किती पेंडी, म्हणजे घड, धरल्या, कुठला चिकू रुसलाय, सगळं तोंडपाठ. कागद नाही, पेन्सिल नाही. "माझं डोकं हीच माझी वही," म्हणायचा आणि वर मिशीला पीळ द्यायचा.

दिवाळी झाली आणि त्याला खोकल्याने धरलं. नाक चोंदलेलं, घसा बसलेला, रात्रभर खों खों. आनंदीने आलं-गूळ दिला, वाफ दिली, शेवटी रिक्षात घालून बोईसरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई मूळच्या लातूरकडच्या, कडक पण कामाला चोख. त्यांनी छाती तपासली आणि पाच दिवसांचं पातळ औषध लिहून दिलं. रात्री झोपताना, टोपणावरच्या रेघेपर्यंत, एकदाच. पाच दिवसांत खोकला गेला.

खोकला गेला, बाटली मात्र राहिली.

त्याचं असं झालं, की त्या औषधाने झोप फार छान लागायची. आत्माराम म्हणाला, "खोकला परत येऊ नये म्हनून घेतो थोडं." टोपण दोन दिवसांत हरवलं, मग थेट बाटलीच तोंडाला. संपली की रिकामी बाटली घेऊन बोईसरला जायचा, मेडिकलवाल्याला दाखवायचा आणि तशीच भरलेली घेऊन यायचा. चिठ्ठी कोण विचारतो? शेजारची नलू म्हणाली, "आमच्या ह्यांना दुसरं औषध दिलेलं, लय गुणाचं, घेऊन बघा." आणि तीही बाटली घरात आली. आमच्याकडे गुणाचं औषध म्हणजे विरजणासारखं, या घरातून त्या घरात जाणारच! वर नाक मोकळं करायच्या गोळ्या. एका दुखण्यावर तीन तीन औषधं, आणि दुखणं तर कधीच गाव सोडून गेलेलं.

मग हळूहळू आत्माराम बदलला. सकाळी उठायचा तो तारवटलेल्या डोळ्यांनी. पंप लावायचा आणि विसरायचा, झाडांची आळी भरून वाहून जायची. जेवायला बसला की विचारायचा, "मी जेवलो का गो?" लघवीला गेला की अर्धा अर्धा तास येत नसे. एक दिवस दारात उभ्या आनंदीकडे पाहून म्हणाला, "काय पायजे बाय? घरात कोन नाय." चाळीस वर्षांचा संसार, आणि हा तिला बाय म्हणतो! आनंदी मागच्या पडवीत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्यानंतर आठवड्यानेच पाम गावच्या फाट्यावर तो ओळखीच्या रिक्षावाल्याला सापडला. घिवली कुठल्या बाजूला, हेच त्याला आठवेना. जन्म इथे गेला माणसाचा!

मुलगा सुजित तारापूरच्या कारखान्यात, राहायला बोईसरला. तो धावत आला. पोरगा वाईट नाही हो, पण घाबरलेल्या माणसाला धीर नसतो. त्याने चार लोकांना विचारलं, चारही जण म्हणाले, "विसरायचा आजार. वय झालं. आता हे असंच वाढत जाणार." सुजितने ठरवून टाकलं. वाडी चिराग ठेकेदाराला दहा वर्षांच्या कराराने द्यायची आणि आईबाबांना बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचं. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी चिराग सह्या घ्यायला येणार, हेही ठरलं.

"तिसऱ्या मजल्यावर ह्यांनी करायचं काय?" आनंदीने विचारलं.

"आई, ते हरवले असते. गाडीखाली आले असते. तेव्हा तू काय केलं असतंस?"

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. पण वाडीतून उपटलेला आत्माराम सहा महिने तगायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नवरा जिवंतपणी आपल्या हातून चाललाय, आणि आपण नुसतं बघतोय!

अशात मेडिकलवाल्याच्या घरी लग्न निघालं आणि दुकान चार दिवस बंद राहिलं. घरातली बाटली संपलेली, नलूचीही तळाला गेलेली, गोळ्यांचं पाकीट रिकामं. पहिल्या दोन रात्री आत्माराम तळमळला, चिडला, त्याने तांब्या आपटला. तिसऱ्या दिवशी दुपारी आनंदी चिकू उतरवत होती, तोच मागून गर्जना आली, "अगो, कोवळे कशाला काढतेस? विहिरीकडच्या झाडाला अजून आठ दिवस हायत. तुला दर वर्षी सांगायचं काय?"

आनंदीच्या हातातली टोपली खाली पडली. इतकी गोड शिवी तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

पुढचा दिवसही चांगला गेला. मग दुकान उघडलं, आत्माराम बाटली घेऊन आला, आणि दोन दिवसांत पुन्हा ते तारवटलेले डोळे. आनंदी चुलीपुढे बसली होती, ती ताडकन उठली. आजार असा दुकान बघून येतो-जातो होय? आणि मग तिला आठवलं. नलूची बाटली ह्यांच्या उशाशी ठेवली कुणी? आपणच की! आपल्याच हाताने.

तिने सुजितला फोन केला. तो म्हणाला, "आई, ह्या आजारात मधे मधे बरं वाटतं. उगीच आशा लावून बसू नकोस." आनंदीने फोन ठेवला आणि त्याला एक अस्सल शिवी हासडली. ती इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्माराम झोपेत असताना तिने घर पालथं घातलं. उशीखाली एक, पंपाच्या खोलीत दोन, तांदळाच्या डब्यामागे एक, भिंतीवरच्या कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं. भरलेलं, अर्धं, रिकामं, सगळं तिने कापडी पिशवीत भरलं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही घेतल्या, डॉक्टरीणबाईंची जुनी चिठ्ठीही घेतली. नवऱ्याला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि रिक्षात बसवलं.

"कुटं नेतेस?"

"लग्नाला," ती म्हणाली. "बसा गपचूप."

दवाखान्यात पोचताच तिने पिशवी सरळ टेबलावर उपडी केली. बाटल्या गडगडल्या, एक खाली पडता पडता डॉक्टरीणबाईंनी पकडली.

"हे काय आहे?"

"हे आमच्या ह्यांचं म्हातारपन," आनंदी म्हणाली. "मला वाचता येत नाय ह्यातलं. तुमी वाचा."

बाईंनी चष्मा लावला. एक बाटली फिरवली, दुसरी फिरवली, पाकीट उलटं केलं. कपाळावर आठी चढत गेली. "पाच दिवसांचं औषध लिहून दिलं होतं मी. तुम्ही दीड महिना घेताय? आणि ही बाटली, ही बाटली, ह्या गोळ्या, नावं निराळी आहेत, पण आत झोप आणणारं औषध एकच आहे. एकाच माणसाने तीन सदरे बदलावेत तसं. तिप्पट पोटात जातंय, तेही घोटाने!" मग त्यांनी आत्मारामला विचारलं, लघवी अडते का, तोंड कोरडं पडतं का. त्याने मान खाली घातली. उत्तरं आनंदीने दिली, सगळी, न लाजता.

बाईंनी जुनी चिठ्ठी पाहिली. "दारू विचारली होती मी. नाही म्हणाला होतात."

आत्माराम एकदम ताठ बसला. "आयुष्यात शिवलो नाय! गावात कोनालाबी विचारा."

आणि खरंच होतं ते. तो खोटं बोलणारा माणूसच नव्हे. बाईंनी मान डोलावली, पेन उचललं. तेवढ्यात आनंदी म्हणाली, "बाई, ताडी विचारा."

"ताडी काय दारू हाय?" आत्माराम भडकला. "झाडाचं पानी ते! पोटाला थंड! माझा बाप प्यायचा, आजा प्यायचा."

"किती घेता?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"दोन गिलास. सांजच्याला."

"सांजची म्हणजे चांगली आंबलेली," आनंदीने पुस्ती जोडली. "वरती बाटली तोंडाला लावतात, आन् झोपतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्या किनाऱ्यावर ताडीला दारूत कुणी मोजत नाही, हे लातूरच्या माणसाला कळणार कसं? "काका," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आला, "हे औषध आणि ताडी एकत्र, म्हणजे एखाद्या रात्री झोपेत श्वासच थांबला असता. बायकोने पिशवी आणली म्हणून तुम्ही इथे बसलाय."

आत्मारामचा चेहरा उतरला. तो आनंदीकडे पाहत राहिला.

बाईंनी खोकल्याचं सगळं औषध बंद केलं, ताडीही बंद. रक्तदाबाची गोळी तेवढी चालू ठेवली. "दहा दिवसांनी आणा. हे विसरणं यानेच झालंय असं मला वाटतं, पण खोटा भरवसा देणार नाही. सुधारले नाहीत तर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. आणि ह्यापुढे औषध कोणाचंही असो, पिशवी घेऊनच यायचं."

ते दहा दिवस आनंदीने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. आत्माराम चिडायचा, रात्री अंगणात फेऱ्या घालायचा, ती त्याच्यामागे कंदिलासारखी. नलूने औषधाचा गुण विचारला, तेव्हा आनंदीने ती तळाला गेलेली बाटली तिच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं औषध तुझ्या नवऱ्याला. माया करायची असेल तर मासळी दे." पाचव्या दिवशी पंप वेळेवर बंद झाला. सातव्या दिवशी आत्मारामने सगळ्या वाडीची पाहणी करून तिला हिशेबच ऐकवला, कुठल्या माडावर किती नारळ.

दहाव्या दिवशी, शनिवारी, सुजित मुद्दाम सोबत आला. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, तारीख विचारली, मग म्हणाल्या, "शंभरातून सात सात वजा करत खाली या."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," आत्माराम घसरगुंडीवरून उतरावा तसा उतरला आणि थेट दोनावर येऊन थांबला. मग म्हणाला, "बाई, आता तुमी सांगा. एका माडाला बारा पेंडी, पेंडीला नऊ नारळ, तीन माडांचे किती?"

बाई बोटांवर मोजू लागल्या, तसा तो हसला. "तीनशे चोवीस. राहू द्या."

"ह्यांना विसरायचा आजार नाही," डॉक्टरीणबाई सुजितला म्हणाल्या. "ह्यांना औषध चढलं होतं. आणि ते उतरवलं तुमच्या आईने." दवाखान्यातून बाहेर आल्यावर सुजित रिक्षाच्या कडेला उभा राहून लहान पोरासारखा रडला. आत्मारामने त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरलास ना? बापासाठी घाबरलास. ठीक हाय ते."

पण चिरागला नको म्हणून सांगायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. रविवारी सकाळी तो कागद घेऊन ओटीवर हजर. गावातली चार माणसंही आली, तमाशा बघायला म्हणा किंवा काळजीने म्हणा. चिरागने कागद आत्मारामपुढे सरकवला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाला, "काका, इथं सही! सही! समजतंय ना?"

आत्मारामने कागद उचलला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सावकाश घडी घातली. "समजतंय," तो म्हणाला. "पन ह्या वाडीचा मालक शुद्धीत नव्हता, तवा ती जिनं राखली, तिला विचार. मी कोन सांगनारा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आनंदी उंबऱ्यात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने सुजितकडे पाहिलं, चिरागकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत निघाला.

"वाडी द्यायची नाय," ती म्हणाली. "आन् मानूस तर मुळीच नाय."