परातीच्या मापाची बोट

फोतिसच्या शेहेचाळीस फुटी बोटीवर उभं राहून कप्तान मिकेलिसनं मुलीच्या लग्नाला होकार दिला. पण ते पुढचं. फोतिस अजून लेफकादा बेटाच्या धक्क्यावर, भाड्याच्या बोटींसमोर, किती फुटी घ्यावी या विचारात उभा होता.

अट कप्तानाची होती. जन्मभर जहाजं हाकलेल्या त्या माणसानं लेकीला, आरेतीला, बजावलं होतं, "जावई येईल तर समुद्रातून. बोट स्वतः मागे मागे घेत आमच्या धक्क्याला तिची पाठ लावेल. फेरीबोटीनं आला तर त्याच फेरीबोटीनं परत जाईल." फोतिस अथेन्समध्ये चष्मे विकायचा. बोटीचा परवाना त्यानं नुकताच काढला होता.

"तेहतीस घे, पोरा," बोटी भाड्यानं देणारी एवांथिया म्हणाली. "नवशिक्याला पुष्कळ झाली. म्हणशील तशी वळते, आणि आपटलीच तर बेतानं आपटते."

"परवान्यावर शेहेचाळीसही चालते."

"परवान्यानं तुला चालवताना पाहिलंय कुठं?"

फोतिसला पटलं. तो सही करायला वाकला, एवढ्यात त्याची आई स्तामाता तेहतीस फुटीच्या ओव्हनमधून डोकं काढत म्हणाली, "परात मावत नाही."

परात पास्तित्सिओची, म्हणजे थरांच्या खिमा-मॅकरोनीची. व्याह्यांकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि पास्तित्सिओ गार न्यायचं नसतं.

"आई, छोटी परात घे ना."

"म्हणजे त्यांनी म्हणावं, यांच्याकडे तोंडं मोजून रांधतात?"

सदतीस फुटीत ओव्हनचं दार लागेना. एकेचाळीसमध्ये परात तिरपी राहिली. शेहेचाळीसमध्ये मात्र अशी गेली, जणू तिचंच माप घेऊन बोट बांधली होती. एवांथियानं कपाळाला हात लावला आणि किल्ली दिली.

समुद्रात काही अडलं नाही. समुद्र रुंद असतो. कप्तानाच्या गावचं बंदर म्हणजे गावात घुसलेली पाण्याची गल्ली. एका काठाला कॉफीची दुकानं, दुसऱ्याला चर्च. रविवार होता. दोन्ही काठ भरले होते.

"उजवीकडे घे रे!" कॉफीवाले ओरडले.

"डावीकडे, बाळा, डावीकडे!" चर्चवाल्या बायका ओरडल्या.

फोतिसनं कुणाचंच मन मोडलं नाही. बोट आडवी झाली, वाऱ्यानं ढकलली, आणि दोन्ही काठांच्या मधे पाचरीसारखी बसली.

"ही काय पाठ लावलीस?" धक्क्यावरून कप्तान गरजला.

"लावलीय, कप्तान. तोंडही लावलंय."

"बाबा, तोंडाबद्दल तुमची काही अट नव्हती," त्याच्या शेजारून आरेती म्हणाली.

तेवढ्यात चर्चच्या काठावरून पाद्रीबाबा बोटीवर चढले, कॉफीच्या काठावर उतरले आणि कॉफी मागवली. एरवी त्यांना अख्ख्या खाडीला वळसा पडायचा. मागोमाग बायका आल्या. जाता जाता प्रत्येकीनं पास्तित्सिओचा तुकडा उचलला, आणि स्तामातानं परातीकडे न पाहता फोतिसकडे पाहिलं.

कप्तान बोटीच्या मधोमध जाऊन दोनदा उड्या मारून आला. "या पुलापायी आम्ही तीन महापौर बदलले," तो म्हणाला. "आरेती, हा चालेल ना तुला?"

"चालेल. तुम्ही उड्या मारू नका."

सोमवारी गावानं बंदर खात्याला कळवलं: "सदर नौका उभय काठांमध्ये अचूक बसली असून ग्रामस्थांची पायपीट वाचत आहे. सबब नौकेस कायमस्वरूपी पूल म्हणून मान्यता द्यावी, मालकिणीस तत्सम नौका सरकारी खर्चाने द्यावी, आणि समुद्रास अन्य मार्गाने ये-जा करण्याबाबत समज देण्यात यावी, ही विनंती."