युटाला वाइन जात नाही

रेडवुड व्हॅलीतल्या बेर्तान्या भावंडांच्या वायनरीत मी पेट्या बांधायचं काम करायचे. कुठल्या राज्यात वाइन थेट गिऱ्हाइकाच्या दारी पाठवता येते, कुठे त्या राज्याचा वेगळा परवाना काढावा लागतो आणि कुठे मुळीच पाठवायची नाही, हे थोरल्या आल्डोनं मला पहिल्याच आठवड्यात घोकायला लावलं होतं.

"एक पेटी भलत्या राज्यात गेली ना, तर परवाना जाईल," तो म्हणायचा. "मग काय, द्राक्षांचा जॅम करून विकू?"

आल्डोची बायको लवकर गेली, आणि धाकट्या डेल्फीनानं लग्नच केलं नाही. मळा दोघांनी मिळून सांभाळला. आल्डोनं वडिलांनी लावलेल्या जुन्या वेलींची वाइन लाकडी पिंपांत भरली आणि त्याच हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. मुलगी मार्लीन त्याला युटाला आपल्या घरी घेऊन गेली.

पुढच्या ऑगस्टमध्ये ती वाइन बाटल्यांत भरली. आल्डोचा फोन आला. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. "डेल्फी, मला एक बाटली पाठव."

युटाला वाइन पाठवता येत नाही, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं.

"आत्या, ऑलिव्ह तेल म्हणून पाठव ना," तिकडून मार्लीन मधेच म्हणाली. "कोण उघडून बघतंय?"

शेजारच्या एका वायनरीनं तेच केलं होतं. कुरिअरच्या गोदामात पेटी फुटली आणि त्यांचा परवाना एक हंगामभर बंद राहिला. डेल्फीना नको म्हणणार, तेवढ्यात मागून आल्डो ओरडला, "तेल आलं तर मी ब्रेडला लावून खाईन हां!"

युटात वाइन फक्त सरकारी दारूच्या दुकानातूनच मागवता येते, म्हणून मग मार्लीनच तिथे गेली. तिच्या सासरी कुणी दारूला शिवत नाही. ती त्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढली. तिथल्या बाईनं सांगितलं की मागणी घेऊ, पण पूर्ण पेटीची. ती आधी राज्याच्या गोदामात येईल, मग दुकानात. वेळ लागेल. आम्ही पेटी रवाना केली आणि ती त्या गोदामात पडून राहिली.

सप्टेंबरात एका दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये डेल्फीनानं फोन स्पीकरवर ठेवला आणि ग्लासात थोडी वाइन ओतली.

"रंग सांग," आल्डो म्हणाला.

"तुझ्या त्या जुन्या शर्टासारखा."

"कुठला?"

"मी फेकून दिला तो."

"तो तू फेकलास होय! मी वर्षभर शोधतोय. बरं, वास?"

"काळ्या चेरीचा. मागे थोडी मिरी."

"आता घोट घे. सावकाश."

डेल्फीनानं घोट घेतला आणि गिळला.

"छान झालीय रे."

"खोटं बोलू नकोस. कडवट लागलं की तू पटकन गिळतेस. ऐकलं मी. आंबताना द्राक्षांच्या सालांवर जरा जास्तच राहिली. माझीच चूक."

"थोडीशीच कडू आहे, आल्डो. घोटाच्या शेवटी."

"अजून एक घोट घे," तो म्हणाला. "माझ्या वाटचा."

तिनं घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही. "तोडणी आटपली की येते मी."

"ये. द्राक्षं टाकून येऊ नकोस मात्र."

ऑक्टोबरात शेवटच्या रांगा तोडायच्या राहिल्या होत्या तेव्हा आल्डो गेला. डेल्फीना पोचली ती दफनालाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून फोन आला: तुमची पेटी आलीय.

आत्या-भाची जाऊन घेऊन आल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की बूच काढायला घरात काहीच नाही. मार्लीनचा नवरा डेव्हर, जन्मात वाइनचा थेंब न घेतलेला माणूस, मुकाट्यानं गाडी काढून बाजारात गेला आणि बूच काढायचा स्क्रू घेऊन आला. मग तोच बाटलीशी झटू लागला. बूच अर्ध्यात तुटलं.

"दे इकडे," डेल्फीना म्हणाली.

तिनं पाण्याच्या पेल्यात ओतून घेतली. समोर मार्लीन आणि डेव्हर नुसतेच बसले. दोन घोट घेऊन तिनं पेला बाजूला ठेवला. उरलेल्या बाटल्या डेव्हरनं गॅरेजमध्ये नेऊन नीट आडव्या ठेवल्या.

हे सगळं तिनं मला परत आल्यावर सांगितलं, टाकीजवळ उभं राहून. आंबत्या द्राक्षांवर चिलटं घोंघावत होती.

"वाइन पोचली नाही, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "गाडीनं एका दिवसाचा रस्ता होता गं. मी जायला हवं होतं."

"तोडणी होती," मी म्हटलं.

"हो. तोडणी होती."

तिनं पाण्याची नळी उचलली आणि टाकीखालची फरशी धुवायला घेतली.